समुद्र चांगला, पण उतरायचं कुठे?

दिवाळी जवळ आली की मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक युक्तिवादही दरवर्षी फिरू लागतो. न्यूयॉर्क, साउदॅम्प्टनसारख्या गारठलेल्या बंदरांतून ऐन जानेवारीत जहाजं भरभरून सुटतात. लोक बर्फ तुडवत धक्क्यावर येतात आणि विमानात पाय न ठेवता उबदार बेटं बघून घरी परततात. आपल्याकडे तर हिवाळ्यात समुद्र निवळलेला, ऊन सोसवणारं, बंदर घराजवळ. तेव्हा त्यांना जे एवढ्या त्रासात परवडतं ते आपल्याला किती पटींनी परवडेल, असा हा हिशोब. वसई-विरारमध्ये तो लवकर पटतो. २०११च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेलं हे शहर, पश्चिमेला सगळा अरबी समुद्र, आणि तरी कोळीवाडे सोडले तर इथल्या माणसाचा समुद्राशी संबंध रविवारी राजोडी-कळंबच्या वाळूत पाय बुडवण्यापुरता उरलेला. त्याला जहाजावर चढण्याची संधी मोहात पाडणारच. मग त्या हिशोबाला पुढची ओळ जोडली जाते: क्रूझ वाढली की किनाराही वर येईल, अर्नाळ्यापासून मालवणपर्यंत सगळीकडे पर्यटक उतरतील. या शेवटच्या ओळीला माझा विरोध आहे, आणि ती ज्या तुलनेवर उभी आहे त्या तुलनेलाही. थंड बंदरांच्या क्रूझचा तोटा वाटेतल्या हवेत आहे आणि फायदा वाट जिथे संपते तिथे आहे. आपल्याकडे वाट उत्तम आहे, पण ती संपते कुठे हे कोणी विचारत नाही.

आधी त्या थंड बंदरांकडे नीट बघू, कारण त्यांचं नाव घेणारे बहुतेक जण त्यांच्या जाहिरातीच बघतात. न्यू जर्सीत बेयॉन नावाच्या गावी केप लिबर्टी हे बंदर आहे. पूर्वी ते लष्कराचं होतं, २००४पासून क्रूझसाठी वापरात आलं. आसपासच्या गावांतून मराठी कुटुंबंही पुष्कळ, त्यामुळे हे नाव आपल्याकडच्या कित्येक आईवडिलांना फोनवरून ऐकून माहीत असतं. तिथून बहामाला पोचायला दोन दिवस लागतात. पहिला दिवस थंडीतच जातो. वरच्या डेकवरचा पोहण्याचा तलाव फोटोपुरता. शिवाय वाटेत केप हॅटरस येतं, जिथे गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह आणि उत्तरेची थंड हवा एकमेकांना भिडतात. अटलांटिकचं स्मशान म्हणून खलाशी त्या टापूला फार पूर्वीपासून ओळखतात. ६ फेब्रुवारी २०१६ला 'अँथम ऑफ द सीज' हे त्या वेळचं अगदी नवं, अवाढव्य जहाज साडेचार हजार प्रवाशांसह बेयॉनहून निघालं आणि दुसऱ्याच दिवशी चक्रीवादळाच्या वेगाच्या वाऱ्यात सापडलं. प्रवाशांना कित्येक तास आपापल्या खोल्यांत बसून राहावं लागलं. बहामा दिसलाच नाही. १० फेब्रुवारीला जहाज निघाल्या बंदरात परत. कंपनीने भाडं परत केलं, हे मान्य. पण डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कहून सुटणाऱ्या 'एमएससी मेराविलिया'च्या प्रवाशांचं जे झालं ते यापेक्षा बोलकं आहे. फ्लोरिडा-बहामाचं तिकीट काढून पोहण्याचे कपडे भरलेल्या त्या लोकांना, दक्षिणेकडे वादळ आहे म्हणून, जहाजाने उत्तरेला बॉस्टन, मेनमधलं पोर्टलंड आणि कॅनडातलं सेंट जॉन दाखवून आणलं. डिसेंबरात कॅनडा! तिकिटामागच्या बारीक अक्षरांत मार्ग बदलण्याचा हक्क कंपन्यांनी आधीच राखून ठेवलेला असतो. ब्रिटनची गोष्ट वेगळी नाही. तिथून कॅनरी बेटांकडे जायचं तर बिस्केचा उपसागर ओलांडावा लागतो. २०२३च्या नोव्हेंबरात 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' हे मुख्यतः वयस्कर प्रवाशांचं जहाज परतीच्या वाटेवर तिथल्या वादळात असं हेलकावलं की शंभरच्या आसपास माणसं जखमी झाली.

एवढं असूनही ही जहाजं दर हिवाळ्यात भरतात, आणि भरणारे लोक खुळे नाहीत. त्यांचा हिशोब समजून घेतल्याशिवाय आपल्याला त्यांची नक्कल करण्याचा अधिकार नाही. पहिली गोष्ट, त्या लोकांना ज्या महिन्यांत सुटका हवी असते त्याच महिन्यांत बर्फामुळे विमानंही रखडतात. दुसरी, सहा जणांच्या कुटुंबाचं विमानभाडं वाचतं, सामानाचं वजन कोणी करत नाही, आणि व्हीलचेअरवरच्या आजीला एकदा खोलीत पोचवलं की सात दिवस हलवावं लागत नाही. ज्यांना कानाच्या किंवा छातीच्या विकारामुळे डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलं आहे त्यांना तर दुसरा रस्ताच नाही. पण या सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे दोन दिवसांची बोट लागून झाल्यावर समोर बंदरांची माळ असते. नसाऊ, सॅन वान, सेंट थॉमस. इकडे मदेरा, तेनेरिफ, लान्झारोते. प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं किंवा होड्यांची सराईत व्यवस्था असते, माणूस सकाळी उतरतो, गावात जेवतो, संध्याकाळी परततो. दोन वाईट दिवस मोजून पाच चांगली गावं घ्यायची, असा तो सौदा आहे. आणि ज्याला ते दोन दिवसही नको असतात तो विमानाने थेट मायामीला जाऊन तिथे जहाज पकडतो. हा पर्यायही जुनाच आहे. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी. अँड ओ.च्या आगबोटींचे जाणकार प्रवासी शंभर वर्षांपूर्वी बिस्के टाळण्यासाठी आगगाडीने फ्रान्स ओलांडून मार्सेलला बोटीत चढत. घराजवळच्या बंदरात चढण्याची हौस त्यांनाही असेल. ती बिस्केपर्यंतच टिके.

आता आपला समुद्र. इथे क्रूझवाल्यांचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो, किंबहुना ते स्वतः मांडतात त्याहून अधिक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. लाट मोठी व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांबचा पल्ला लागतो. जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्याला किनाऱ्यालगत तो पल्ला मिळतच नाही. म्हणून पाचूबंदर-अर्नाळ्याच्या कोळ्याला जो मतलई वारा पहाटे होडी बाहेर काढायला उपयोगी पडतो, त्याच हवेत क्रूझवरच्या माणसाच्या हातातला चहा डुचमळत नाही. पावसाळ्यात हे चित्र उलटतं. नैर्ऋत्येचा वारा सगळा अरबी समुद्र ओलांडून येतो आणि तेवढ्या पल्ल्याची लाट सोबत आणतो. १७ जुलै १९४७ला, आषाढी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ती याच समुद्रात. आजही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्यावरच कोळीवाडा पुन्हा दर्याकडे वळतो. बंदर थंड पडण्याचा आपला ऋतू तो. क्रूझ जहाजंही त्या काळात इथून निघून जातात. 'कॉर्डेलिया' या क्रूझ कंपनीने आपलं जहाज पावसाळ्यात चेन्नईला नेऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या आहेत. म्हणजे हिवाळ्यात उत्तरेची थंड बंदरं जहाजांना कॅरिबियनकडे पिटाळतात तसाच आपला पाऊस त्यांना पूर्व किनाऱ्याला पिटाळतो. हिवाळा अगदी निर्धोक आहे असंही समजू नये. नोव्हेंबर २००९चं 'फयान' आणि डिसेंबर २०१७चं 'ओखी' ही दोन्ही वादळं याच सुखाच्या महिन्यांत आली, आणि 'फयान'ने कोकणातल्या कित्येक मच्छीमारांना परत येऊ दिलं नाही. तरी हे अपवाद. वर्षातले चार महिने एवढा शांत आणि उबदार समुद्र दारात असणं हे भाग्य न्यूयॉर्कच्या वाट्याला कधीच येणार नाही.

या भाग्याचं आपण करतो काय? मुंबईच्या जहाजांचे मार्ग बघा. गोवा आणि परत. कोची. लक्षद्वीप, जिथे जहाज खाजणाबाहेर उभं राहतं आणि माणसं होड्यांतून अगत्तीला जातात, तेही समुद्राने परवानगी दिली तर. आणि शनिवार-रविवारची ती फेरी, जी कुठेच जात नाही. खोल समुद्रात रात्र काढते आणि निघाल्या धक्क्याला परतते. मुंबई ते गोवा हा संपूर्ण पट्टा जहाज रात्रीच्या अंधारात पार करतं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे चार याच वाटेवर ओळीने उभे आहेत. जगातल्या कुठल्याही क्रूझ कंपनीला हेवा वाटावा अशी ही मांडणी आहे: एका बाजूला आरमाराचा इतिहास, दुसऱ्या बाजूला गाव, मासळी, आंबा, देऊळ, आणि दोन किल्ल्यांमध्ये काही तासांचं अंतर. प्रवासी त्या वेळी जेवणघरात किंवा कॅसिनोत असतो, कारण त्याला उतरवण्याची सोय चारांपैकी एकाही ठिकाणी नाही. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, सागरी मंडळाच्या कागदावर लहान बंदरं ४८, आणि नियमित क्रूझचा थांबा मुंबईखेरीज एकही नाही. जयगडला खोल पाणी आहे, पण ते कोळशा-खनिजाच्या जहाजांसाठी. विसाव्या शतकात कोकणच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत पणजीला जात. धक्के तेव्हाही धड नव्हते. बोट बाहेर उभी राही आणि पडाव माणसांची ने-आण करत. हाल होत, पण लोक उतरत. नेमकं तेच आज होत नाही.

युक्तिवादातला 'बंदर घराजवळ' हा भाग वसई-विरारपुरता तपासला तर फारच लंगडा निघतो. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि क्रूझ सुटते बॅलार्ड पियरहून. चार बॅगा आणि दोन म्हातारी माणसं घेऊन विरार फास्टमध्ये चढायचा विचार इथला कोणी करणार नाही, तेव्हा गाडी करायची आणि महामार्गावरून दक्षिण मुंबई गाठायची. गंमत अशी की विमानतळ वाटेतच लागतो. अंधेरीपासून चर्चगेट बावीस किलोमीटर पुढे आहे, म्हणजे विरारच्या माणसाला विमान टाळून जहाज पकडण्यासाठी विमानतळ ओलांडून शहराचं दुसरं टोक गाठावं लागतं. बेयॉनशेजारी राहणारा माणूस अर्ध्या तासात गाडी लावून जहाजावर चढतो. त्याचं उदाहरण नालासोपाऱ्यात देऊन भागणार नाही. समुद्रमार्गे वसईहून मुंबईला जाता आलं असतं तर गोष्ट निराळी होती. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये घेतलेला वसईचा किल्ला खाडीच्या तोंडाशी आहे तो जलमार्गावर ताबा ठेवण्यासाठीच. पोर्तुगीज काळात इथे जहाजं बांधली जात. आज त्या किल्ल्याच्या पायथ्याहून मुंबईला जाणारी एकही प्रवासी बोट नाही.

यावर सगळ्यात सरळ आक्षेप असा येईल की लोकांना उतरायचंच नसतं. त्यांना जहाज हवं असतं: खोली, जेवण, गाणी, मुलांसाठी तलाव, डेकवरचा सूर्यास्त. न्यूयॉर्कचे प्रवासीही नसाऊचं गाव धड बघत नाहीत, धक्क्यावरच्या दुकानांतून टी-शर्ट घेऊन परततात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि अशा सुट्टीला नाकं मुरडणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचं नाही. तरंगता मॉल म्हणून क्रूझची टिंगल करणारे स्वतः डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये दुसरं काय करतात, हे त्यांनी सांगावं. दोन रात्री पाण्यावर मजेत घालवल्या, पैसे वसूल झाले, विषय संपला. मग तिला हॉटेल म्हणावं आणि तिची तुलना लोणावळ्याच्या हॉटेलशी करावी: रात्रीचं भाडं किती, खोली केवढी, भाड्यावर बंदर शुल्क आणि कर किती चढतात, दारू आणि इंटरनेटचे वेगळे पैसे किती. जहाजाचं वयही विचारावं. 'कॉर्डेलिया'चं 'एम्प्रेस' १९९०मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधलं गेलं. जुनं जहाज वाईट असतंच असं नाही, पण गिऱ्हाइकाला वय कळलेलं बरं. मला खटकतं ते हॉटेलने किनारा-विकासाचा झगा घालणं. जे जहाज कुठेच थांबत नाही त्याने हर्णैच्या खानावळीला किंवा अर्नाळ्याच्या होडीवाल्याला एक रुपया दिलेला नसतो. त्यासाठी सरकारी धोरण, सवलती आणि सार्वजनिक पैसा मागताना किनाऱ्याचं नाव पुढे करणं ही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी माणसांचा आहे. आधी जहाजं येऊ द्या, म्हणतात. गिऱ्हाईक तयार झालं की बंदरं आपोआप होतील. हे ऐकायला बरं वाटतं, पण गेल्या तीस वर्षांचा पुरावा विरुद्ध जातो. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान मुंबई-गोवा धावली आणि बंद पडली. २०१६च्या डिसेंबरात 'कोस्टा'ने मुंबईहून मालेपर्यंतची हिवाळी क्रूझ सुरू केली. वाटेत खरोखरच गोवा, मंगळूर, कोची अशी बंदरं होती, आणि परतीला मात्र विमान! तीही काही हंगामांनंतर थांबली. २०१८च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' आली. नाव कान्होजींच्या घराण्याचं, जहाज आटोपशीर, कोकणच्या बंदरांना साजेसं. पण वाटेत थांबायला जागा नसल्यामुळे तीही मुंबई-गोवा रात्रीची फेरीच करत राहिली आणि कोविडच्या काळात थांबली. 'जलेश'चं 'कर्णिका' २०१९मध्ये आलं, २०२०मध्ये कंपनीच बुडाली. 'कॉर्डेलिया' २०२१पासून आहे. एवढी जहाजं येऊन गेली; कोकणात त्यांच्यापायी एक धक्का उभा राहिला असेल तर दाखवावा. कोविडने सगळ्यांनाच बुडवलं असं कोणी म्हणेल. बुडवलं, पण कॅरिबियनमध्ये जहाजं परतली ती बंदरं जागेवर होती म्हणून. आपल्याकडे जहाज गेलं की मागे काहीच उरत नाही.

उलट जिथे आधी धक्का बांधला तिथे काय झालं, याचा दाखला वसईकराला लांब शोधायला नको. भाईंदर आणि वसई यांच्यामधली खाडी ओलांडायची तर रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. दोन्ही काठांवर जेट्या बांधल्या गेल्या, काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, लोकांनी नावं ठेवली, पण फेब्रुवारी २०२४मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि दुचाक्या, रिक्षा, किल्ला बघायला येणारे लोक तिच्यात चढू लागले. पुढच्या वर्षी विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेची खाडी ओलांडून जलसारला जाणारी बोट आली. तिथे रस्त्याचं अंतर साठ किलोमीटर, पाण्यावरून दीड. या क्रूझ नव्हेत, कॅसिनोही नाहीत, आणि फोटोही फारसे देखणे येत नाहीत. परंतु क्रम कसा असावा हे त्यांनी दाखवलं. उतरण्याची जागा सरकारने केली, बोट चालवणारा आपोआप आला. आता याच्या शेजारी मोठे आकडे ठेवा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं: वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजं अशी त्याची क्षमता सांगतात. सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या 'क्रूझ भारत' मोहिमेचं उद्दिष्ट २०२९पर्यंत प्रवासी दुप्पट करण्याचं. या दहा लाखांना चढायची जागा भव्य झाली. उतरायची? आमच्याच जिल्ह्यात वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतंय; ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. ते व्हावं की नाही हा वेगळा आणि गंभीर वाद आहे, मच्छीमार आणि डहाणूचे बागायतदार तो वर्षानुवर्षं लढत आहेत. पण जाहीर झालेल्या आराखड्यात नऊ कंटेनर टर्मिनलं आहेत, द्रव मालाचे धक्के आहेत, रो-रोचा धक्का आहे, तटरक्षक दलाचाही आहे. प्रवासी जहाजाचा नाही. पालघरच्या किनाऱ्याला क्रूझमुळे दिवस येतील म्हणणाऱ्यांनी हा कागद एकदा वाचावा.

रोजगाराचा मुद्दा मी झटपट आटोपतो, कारण त्याचा इथे संबंध कमी आहे. गोव्याप्रमाणे वसईतलेही तरुण क्रूझ जहाजांवर स्वयंपाकघरात, खोल्यांच्या देखभालीत, इंजिनात काम करतात आणि त्या पगारावर घरं उभी राहतात, हे खरं. पण ती भरती मुंबईहून जहाज सुटतं म्हणून होत नाही. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात 'मरेला डिस्कव्हरी' हे ब्रिटिश कंपनीचं जहाज मुंबईबाहेर ताटकळत उभं होतं आणि शेवटी त्यावरचे शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी उतरवण्यात आले. ते कॅरिबियनला आणि भूमध्य समुद्रात जाणाऱ्या प्रवाशांची सेवा करणारे लोक होते. बहामा, पनामा, माल्टाच्या झेंड्यांखालची जहाजं जगभर फिरतात आणि आपल्या मुलांना तिथे घेतात. मुंबईची क्रूझ उद्या बंद झाली तरी घेतील. किनाऱ्यावरच्या गावातला रोजगार मात्र जहाज त्या गावी थांबल्याशिवाय होत नाही.

राहता राहिला तो आक्षेप, जो अशा लेखांवर हमखास येतो: ही सगळी जुन्या आगबोटींची हळहळ आहे, कोकण रेल्वे १९९८मध्ये मुंबईपासून मंगळूरपर्यंत जोडली गेली आणि बोटींचा काळ संपला. मलाही तो काळ परत नको आहे. गणपतीला गावी जाणारा माणूस रेल्वेनेच जाणार, आणि बोटीचे हाल ज्यांनी सोसले त्यांना पडावातल्या उलट्या आठवत असतील. माझी मागणी प्रवासाच्या साधनाची नाही, सुट्टी घालवायला निघालेल्या माणसाला किनाऱ्यावर पाय ठेवता यावा एवढीच आहे, आणि ती क्रूझवाल्यांच्याच तर्कातून निघते. चारशे माणसांच्या मध्यम जहाजाला विजयदुर्ग आणि मालवणला सुरक्षित थांबता यावं, भरती-ओहोटीची पर्वा न करता होडी लागेल असा तरंगता धक्का असावा, वर स्वच्छ शौचालय आणि गावातल्या रिक्षा-होड्यांचे ठरलेले दर असावेत. मच्छीमारांच्या डोल जाळ्यांचे पट्टे आधी नकाशावर आखून मगच जहाजाचा मार्ग ठरावा, एवढी अटही त्यात घालावी. खर्च होईल, लाटारोधक बंधारा आणि गाळ काढणं स्वस्त नसतं. मुंबईच्या एका टर्मिनलवर शेकडो कोटी घालताना ज्यांनी परताव्याचा प्रश्न विचारला नाही, त्यांनी तो मालवणलाच विचारू नये.

तोवर वसई-विरारमधून यंदाच्या हिवाळ्याचं तिकीट काढणाऱ्याने काय करावं? विमानाने जाता येत नाही असं घरात कोणी असेल, किंवा समुद्रावर दोन रात्री निवांत काढायच्या असतील, तर मुंबईची क्रूझ डोळे उघडे ठेवून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत बोट लागण्याची भीती जवळजवळ नाही, आणि बेयॉनच्या प्रवाशाला जे दोन दिवस खोलीत काढावे लागतात ते इथे डेकवर जातील. गावं बघायची असतील तर हे तिकीट तुमचं नाही. जर्सीतल्या मुलाने तिकडच्या हिवाळी क्रूझचा आग्रह धरला, तर बहामाची खात्री न धरता स्वेटर बरोबर ठेवावा, आणि अमेरिकेत पुन्हा शिरायला आपला व्हिसा चालेल ना, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावं.